माहीत असणाऱ्यांचे काम
(संघाच्या वर्षावास व्याख्यानमालेत हडपसर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस व्याख्यानासाठी बोलावले तेव्हा ‘बँकेच्या कर्जयोजना’ या विषयावर बोला, अशी सूचना होती. आम्ही विनंती केली की तो विषय पुढच्या रविवारी आमच्या मॅनेजर साहेबांना द्यावा, ते आमच्यापेक्षा चांगले सांगतील. आम्ही काउंटरवर बसणारे कारकून. बी. ए. झालो तेव्हा मराठी आणि इतिहास हे आमचे विषय होते, कायदा नव्हता. तरीही आज नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईबद्दल, आणि ते ज्यांना धंद्याच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने आधी कळते अशा माणसांच्या जबाबदारीबद्दल आम्ही बोलणार आहोत. याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

२०१४ सालच्या ऑगस्टमध्ये जनधन योजना सुरू झाली. त्या दिवसांत शाखेत पाय ठेवायला जागा नसे. गाडीतळापासून, वैदुवाडीपासून, रामटेकडीपासून माणसे येत. घरकाम करणाऱ्या, मंडईत बसणाऱ्या, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पासबुक हातात घेत होत्या. त्यांतली एक ताई आमच्या काउंटरवर आली. फॉर्म आम्हीच भरला. मोबाईल नंबरचा रकाना आला, तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडं फोन नाही.” मागे रांग होती. तिच्या नवऱ्याचे पगाराचे खाते आमच्याच शाखेत होते, त्याचा नंबर संगणकात होता. आम्ही तो टाकला आणि स्वतःला फार कार्यक्षम समजलो.

पुढे तीन-चार महिने ती दर महिन्याला हजार-बाराशे रुपये भरत होती. एक दिवस नवरा आला. हसत हसतच म्हणाला, “साहेब, आमच्या मंडळींचं खातं आहे म्हणे, मेसेज येतात. किती झालेत?” आणि आम्ही, ज्यांनी नोकरीला लागताना खातेदाराची माहिती कुणाला सांगणार नाही अशा कागदावर सही केली आहे, त्याला आकडा सांगितला. नवरा-बायकोतली गोष्ट, त्यात काय गुप्त, असे आमच्या मनात होते.

आठवड्याने ती आली. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला होता आणि एक डोळा सुजलेला होता. सगळी रक्कम काढायची स्लिप तिने पुढे केली. आम्ही विचारले, “काय झालं ताई?” ती म्हणाली, “नळावर पडले.” पैसे मोजून घेतले, आणि जाताना आमच्याकडे न बघता म्हणाली, “साहेब, तो मेसेज तुम्हीच लावला होता ना?”

त्यानंतर ती शाखेत आली नाही. आम्ही काहीच केले नाही. कुणाला सांगायचे हेच आम्हांस माहीत नव्हते. हे खोटे नाही, पण पुरेसेही नाही, कारण माहीत करून घेण्याचा प्रयत्नसुद्धा आम्ही त्या वेळी केला नाही. पुढे केला. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या पुण्यात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. ११ जून १९८२ च्या रात्री मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला. लग्नाला अवघे चार महिने झाले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला दोषी धरून फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुरावा निःसंशय नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसाबद्दल आम्ही काही बोलणार नाही. आम्हांस त्या खटल्यातल्या पत्रांबद्दल बोलायचे आहे. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती, त्यांत सासरच्या दुःखाची हकीकत होती. ती पत्रे न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली, त्यांवर न्यायमूर्तींनी पानेच्या पाने लिहिली, आणि तो निकाल परिस्थितिजन्य पुराव्याचा धडा म्हणून आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. म्हणजे दुःख सांगितले गेले होते. ज्यांना सांगितले त्यांचा दोष नाही, त्या काळी ते घेऊन जायचे तरी कुठे? त्या मृत्यूनंतर पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. विद्याताई बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला तो याच काळात.

देशभर अशाच चळवळी चालू होत्या. त्यांतून १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. पती किंवा त्याच्या नातेवाईकांनी केलेला छळ हा गुन्हा ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हीच तरतूद कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. विद्यार्थ्यांनी नवे आकडे लक्षात ठेवावेत, मात्र कचेऱ्यांत आणि बोलण्यात अजून जुनाच आकडा चालतो.

आता या कलमातली एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या गुन्ह्याची खबर पोलिसांनी दखलपात्र म्हणून घ्यायची तर ती कुणी द्यायची हे कायद्यानेच बांधून दिले आहे. ती पीडित बाईने द्यावी, किंवा रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या नात्यातल्या माणसाने द्यावी, आणि असे कुणीच नसेल तर सरकारने नेमून दिलेल्या वर्गातल्या लोकसेवकाने. म्हणजे टाके घालणारा डॉक्टर, वर्गात रडणारे पोर पाहणाऱ्या शाळेच्या बाई, किंवा आमच्यासारखा कारकून, यांच्या सांगण्यावर हे दार उघडत नाही. जिचे माहेरच तिला परत पाठवते, तिच्यासाठी या दाराचा उपयोग किती, याचा विचार आपणच करावा.

दुसरे दार उघडले ते २००५ च्या कायद्याने. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द आहे. बाईवर घरात हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानायला ज्याला कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. आणि ती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. “उद्या नवऱ्यानं आमच्यावरच केस टाकली तर?” या आपल्या नेहमीच्या भीतीला कायद्याने इथे उत्तर देऊन ठेवले आहे.

संरक्षण अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे. तो महिला व बालविकास खात्याचा माणूस. बाईची हकीकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेणे, तिला फुकट वकील मिळवून देणे, दवाखान्यात किंवा निवारागृहात पोचवणे आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायला मदत करणे हे त्याचे काम. न्यायाधीश मारहाणीस मनाई करू शकतात, बाईला राहत्या घरातून काढता येणार नाही असा हुकूम देऊ शकतात, खर्च आणि मुलांचा ताबा देऊ शकतात. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे इथे बसलेल्या वकील बंधूंना आम्ही सांगायला नको. एक मात्र आहे. फोनवरून जरी विश्वासार्ह खबर आली की हिंसा चालू आहे, तर संरक्षण अधिकाऱ्याने तत्काळ पोलिसांची मदत घेऊन त्या ठिकाणी जावे, असे नियम ९ सांगतो.

कलम ४ मध्ये ‘देऊ शकते’ असा शब्द आहे, ‘दिलीच पाहिजे’ असा नाही. शेजाऱ्यावर, शिक्षकावर, बँकेवर या कायद्याने सक्ती केलेली नाही. दवाखान्याचे तसे नाही. २००६ च्या नियमांतला नियम १७ आमच्या मते प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर चिकटवायला हवा. आधी कुठे तक्रार झालेली नाही या सबबीवर दवाखान्याने उपचार नाकारायचे नाहीत. अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने तो नमुना स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची. हे सगळे सक्तीचे शब्द आहेत.

आणि होते काय? बाई येते, सोबत नवरा असतो. डॉक्टर विचारतात, उत्तर नवरा देतो. केसपेपरवर लिहिले जाते, ‘पडल्यामुळे जखम’. एम.एल.सी. केली तर पोलीस येणार, पुढे कोर्टाचे समन्स येणार, एका दिवसाची ओपीडी बुडणार. डॉक्टरांची ही अडचण आम्ही समजू शकतो. चेक न वटल्याच्या खटल्यांत आम्हांसही साक्षीला जावे लागते, आणि दिवसभर बाकावर बसून ‘पुढली तारीख’ ऐकून परत यावे लागते. पण त्या दोन शब्दांची किंमत बाई मोजते. तीन वर्षांनी ती कोर्टात उभी राहते तेव्हा तिचाच कागद तिच्याविरुद्ध बोलतो. ‘नवऱ्याने लाकडाने मारले असे रुग्ण सांगते’ एवढे वाक्य लिहायला ‘पडल्यामुळे’पेक्षा किती शाई जास्त लागते? हे वाक्य लिहिणारा डॉक्टर कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, बाई काय म्हणाली एवढेच तो नोंदवतो. आपल्या संघात सिस्टर म्हणून नोकरी करणाऱ्या भगिनी आहेत. आम्ही त्यांना हे शिकवतो आहोत असे त्यांनी समजू नये. ड्रेसिंग करताना पडदा ओढलेला असतो, नवरा बाहेर असतो, आणि बाईशी एकटीने बोलण्याची वेळ डॉक्टरांपेक्षा त्यांनाच जास्त मिळते, म्हणून हे बोललो.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईत वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात सन २००० च्या सुमारास ‘दिलासा’ नावाचे केंद्र सुरू झाले. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ते उभारले. सरकारी रुग्णालयात चालणारे अशा तऱ्हेचे हे देशातले पहिले केंद्र मानले जाते. तिथे डॉक्टर, सिस्टर, आया, वॉर्डबॉय अशा सर्वांना शिकवण्यात आले की मार लागलेली बाई ‘मार लागला’ म्हणून येत नाही. ती अंगदुखी घेऊन येते, झोप येत नाही म्हणून येते, ढेकणाचे औषध ‘चुकून’ प्यायली म्हणून येते. तिला एकटीला विचारायचे, सांगितले तर खरे मानायचे, आणि दोन खोल्या पलीकडे बसलेल्या समुपदेशक ताईकडे घेऊन जायचे. पुढे हे काम मुंबईतल्या इतरही पालिका रुग्णालयांत गेले, आणि केरळ सरकारने आपल्या रुग्णालयांत ‘भूमिका’ नावाने अशीच केंद्रे काढली. त्याच्याही आधी, १९८४ साली, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. आज राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत.

इथे सभेतले तरुण मित्र विचारतील, आणि मागच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारलेच, की मग सगळ्यांवर सक्तीच का करू नये? लहान मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने केलीच आहे. अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा तिथे गुन्हा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९९४ पासून घरातल्या मारहाणीच्या जखमा पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मग आपल्याकडे का नको?

आम्हीही पुष्कळ दिवस याच मताचे होतो. मत बदलले ते त्या ताईमुळे. आम्ही तिच्या नवऱ्याला तिची माहिती दिली तीही चांगल्या भावनेनेच दिली होती. तिच्या वतीने, तिला न विचारता. समजा त्या दिवशी आम्ही बँकेतून थेट पोलिसांना फोन केला असता. हवालदार घरी गेला असता, नवऱ्याला दम देऊन आला असता. रात्री ती आणि नवरा एकाच खोलीत असते. आपण तेव्हा आपापल्या घरी जेवत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत नेमके हेच आहे. जोडीदाराच्या हिंसेची खबर पोलिसांना देण्याची डॉक्टरांवर सरसकट सक्ती नसावी, पण बाईला हवे असेल तर खबर देण्याची तयारी डॉक्टरने दाखवावी. सक्ती झाली की बाया दवाखान्यात यायच्याच बंद होतात ही भीती आहे, आणि ती काल्पनिक नाही. पोक्सोमुळे अल्पवयीन गरोदर मुली सरकारी डॉक्टरांकडे जायला घाबरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले की गर्भपातासाठी आलेल्या मुलीची आणि पालकाची तशी विनंती असेल तर डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळवण्याची गरज नाही.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे की मुलांच्या बाबतीत सक्ती असावी, सज्ञान बाईच्या बाबतीत आधी तिला विचारावे. जीवच जाण्याचा धोका दिसत असेल, हातात रॉकेलचा डबा किंवा कोयता असेल, तर विचारत बसू नये, ११२ ला फोन करावा. एरवी तिला विचारावे. मात्र ‘तिला विचारावे’ याचा अर्थ ‘गप्प बसावे’ असा काढणारे फार आहेत. तिने आज नको म्हटले तर आपले काम संपत नाही. लिहून ठेवायचे ते लिहून ठेवावे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या तोंडपाठ करून द्यावा, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावे. नियम १७ आणि बाईची इच्छा यांत कधी ओढाताण होते हेही खरे आहे. तरी तो अहवाल संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो, ठाण्यात नव्हे, म्हणून त्यातल्या त्यात तो मार्ग आम्हांस बरा वाटतो.

विचारणे किती गरजेचे आहे ते पहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या शंभरातल्या ७७ जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागितली ती फक्त १४ जणींनी, आणि त्यांतल्या बहुतेकींनी माहेरी. डॉक्टर, वकील यांच्याकडे गेलेल्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. महाराष्ट्रात लग्न झालेल्या चार बायांपैकी एकीने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. आज या सभागृहात शंभर भगिनी तरी बसल्या आहेत. हिशेब करायला आम्ही बँकेतले असण्याची गरज नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या वस्तीतली बाई पोलीस ठाण्यात जायला इतरांपेक्षा जास्त कचरते. ठाण्यात तिचे आडनाव विचारले जाते आणि त्यावरून तिच्याशी बोलण्याची पट्टी ठरते, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांचा आहे. त्यात आपणच तिला सांगतो, “आपल्या पोराला आपणच आत घालायचं का? समाजाची बदनामी होईल.” अशा बैठकांना आम्ही स्वतः बसलो आहोत. दोन्हीकडची चार मंडळी, चहा, नवऱ्याने माफी मागायची, बाईने नांदायला जायचे, आणि कागदावर काहीच नाही. त्या नवऱ्याने दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसून पंचशील ग्रहण केलेले असते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. भगवंतांनी सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली, त्यांत पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, हे पहिल्यांदा येते. समाजाची बदनामी डोळा सुजवणाऱ्याने केली की सुजलेला डोळा दाखवणारीने, हे एकदा कार्यकारिणीने ठरवावे.

आमची संघाला विनंती साधी आहे. विहाराच्या फळ्यावर देणगीदारांची नावे असतात, तिथेच हडपसर भागासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचे नाव, कचेरीचा पत्ता आणि फोन लिहावा. अधिकारी बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी चौकशी करून तो खरा आहे ना हे एका सभासदाने पाहावे. हे काम घ्यायला आम्ही तयार आहोत. बैठक बसवायचीच असेल तर त्यात दोन भगिनी असाव्यात, बाईशी आधी एकटीशी बोलणे व्हावे, आणि जे ठरले त्याची लेखी प्रत तिच्या हातात असावी. शिकवणाऱ्या बंधू-भगिनींनी, वर्गात पेंगणाऱ्या पोराला छडी दाखवण्याआधी रात्री घरात काय झाले ते विचारावे. मगरपट्ट्यात कंपन्यांत नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींनी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे का घालते याकडे लक्ष द्यावे. मार खाणारी बाई फक्त झोपडीतच असते, असा आपल्यातल्या फ्लॅटवाल्यांचा गैरसमज आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर फॉर्म भरताना मोबाईल नंबरच्या रकान्याशी आम्ही आता थांबतो आणि विचारतो, “ताई, हा फोन दिवसभर कुणाच्या हातात असतो?” कुणी हसते, कुणी मुलीचे नाव सांगते. चार महिन्यांमागे एक जण बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “नंबर नका टाकू, मी येत जाईन पासबुक घेऊन.” आम्ही एसएमएसचा रकाना कोरा ठेवला, आणि पासबुकात घालायच्या कागदावर १८१ लिहून दिला. तिने तो वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. ती दर महिन्याला येते. अजून तिने काही सांगितलेले नाही.

वेळ बराच झाला, पुढे भोजनदान आहे.